दोन कमरांचं गुणसूत्र

सप्टेंबर १९८७. ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात एक माणूस डॉक्टरांकडे गेला. दोन दिवस उलट्या होत होत्या, चक्कर येत होती आणि एक हात सुजला होता. खाण्यात काहीतरी खराब आलं असेल, त्याची ॲलर्जी, असं निदान झालं. विश्रांतीचा सल्ला घेऊन तो घरी परतला.

१३ सप्टेंबरला तो आणि त्याचा एक मित्र सोडून दिलेल्या कर्करोग-उपचार केंद्रात शिरले होते. तिथे एक यंत्र बेवारस पडून होतं. त्याचं जड डोकं भंगारात चांगल्या भावाने जाईल म्हणून त्यांनी ते सुटं करून हातगाडीवर घातलं आणि नेलं. आत सीझियम-१३७ची भुकटी होती, तब्बल १,३७५ क्युरीची. पुढे ते धूड एका भंगारवाल्याने विकत घेतलं. रात्री त्यातून निळा उजेड येताना दिसला, तेव्हा त्याला ती मौल्यवान वस्तू वाटली. त्याने नातेवाइकांना, शेजाऱ्यांना बोलावून दाखवली आणि तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे वाटले. कुणी ते अंगाला चोळले. एका सहा वर्षांच्या मुलीने त्याच हातांनी जेवण केलं.

घरातली माणसं एकामागून एक आजारी पडताहेत आणि त्याचं मूळ या वस्तूतच आहे, हे ओळखलं ते भंगारवाल्याच्या बायकोने. एका कामगाराला सोबत घेऊन तिने ती वस्तू पिशवीतून, चक्क सार्वजनिक बसने, आरोग्य कार्यालयात नेलं. तो दिवस २८ सप्टेंबरचा. दुसऱ्या दिवशी मोजणीयंत्र आणून पाहिलं तेव्हा कुठे प्रकार उघड झाला. म्हणजे पंधरा दिवस शहरात किरणोत्सर्ग हिंडत होता आणि त्याचा कुणालाही पत्ता नव्हता.

पुढच्या काही आठवड्यांत तिथल्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये १ लाख १२ हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली. अंगावर, कपड्यांवर धूळ आहे का, हे मोजणीयंत्र सांगू शकत होतं. पण डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा होता. गेल्या पंधरा दिवसांत कुणाच्या शरीरातून किती किरण आरपार गेले? अणुभट्टीत किंवा एक्स-रे विभागात काम करणाऱ्याच्या छातीवर बॅज असतो. महिन्या-तीन महिन्यांनी तो वाचला की त्या माणसाचा डोस कळतो. भंगारवाल्याच्या छातीवर कुठला बॅज? त्याच्या बायकोच्या, कामगारांच्या, शेजारच्या पोरांच्या?

त्यांच्याजवळ एकच बॅज होता, तो म्हणजे त्यांचं रक्त. हा बॅज वाचायचा कसा, ते सावकाश पाहू. अशा अपघातांत सापडणारी माणसं बहुतेक वेळा गोइयानियातल्यांसारखीच असतात. किरणोत्सर्ग हा शब्दही त्यांच्या कानावरून गेलेला नसतो, आणि त्यांच्यासाठी दुसरा पुरावा कुठेही नसतो.

आधी आकडा लागतोच कशाला, ते पाहू. शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप म्हणजे ‘ग्रे’. शरीराच्या एका किलोने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. सगळ्या अंगावर, थोड्या वेळात, एक ग्रेपेक्षा कमी डोस मिळाला असेल तर माणसाला बहुधा नुसतं लक्ष ठेवून घरी पाठवता येतं. दोन-तीन ग्रेला अस्थिमज्जा, म्हणजे रक्त तयार करणारा कारखाना, मंदावतो. चार ग्रेच्या आसपास उपचार न मिळाल्यास निम्मी माणसं दगावू शकतात. दहाच्या पुढे आतड्याचं अस्तरच गळून जातं. कुणाला वेगळ्या निर्जंतुक खोलीत ठेवायचं, कुणाला मज्जा जागी करणारी औषधं द्यायची, हे सगळं या आकड्यावर ठरतं आणि ते लवकर ठरावं लागतं. मज्जा कोलमडल्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. दरम्यान उलट्या थांबतात आणि माणूस बरा दिसायला लागतो. तो काळ फसवा असतो.

चार ग्रे म्हणजे ऊर्जा तरी किती? साठ किलोच्या माणसासाठी २४० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने चमचाभर पाणी अकरा-बारा अंशांनी गरम होईल, बस्स. अंगाला चटका बसत नाही, ऊबही जाणवत नाही. प्राण घेणारी गोष्ट इतकी बिनबोभाट असते, कारण नुकसान उष्णतेचं नसतं. ही ऊर्जा पेशीच्या केंद्रातल्या डीएनएच्या धाग्यावर पडते तेव्हा तो तोडते.

आता रक्ताच्या दोन नळ्या घ्या. एक जांभळ्या टोपणाची, एक हिरव्या टोपणाची.

जांभळी नळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तापात सीबीसी करायला तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेतात ती हीच. किरणोत्सर्गाच्या अपघातात पहिली चाचणीही हीच. फक्त ती एकदा करून भागत नाही, पहिले दोन-तीन दिवस दर काही तासांनी पुन्हा पुन्हा करायची असते. नजर ठेवायची ती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर. निरोगी माणसात त्या दर घनमिलिमीटरला साधारण दीड ते चार हजार असतात. किरणोत्सर्गाने सहसा आधी मरतात त्या भराभर विभागणाऱ्या पेशी. लिम्फोसाइट मात्र विभागत नसतानाही या माऱ्याला अतिशय नाजूक असतात. डीएनए तुटल्याचं कळताच त्या स्वतःलाच संपवतात. म्हणून डोस जेवढा मोठा, तेवढी ही संख्या वेगाने घसरते. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान ती ८०० ते १,५०० असेल तर मामला साधारण एक-दोन ग्रेचा आहे, ५०० ते ८०० असेल तर दोन ते चारचा. शंभराच्याही खाली गेली तर डोस आठ ग्रेच्या वर गेलेला असू शकतो. १९८६ मध्ये चेर्नोबिलहून मॉस्कोच्या सहा नंबरच्या इस्पितळात आणलेल्या कामगारांची आणि अग्निशामक जवानांची प्रतवारी अँजेलिना गुस्कोवा यांच्या पथकाने केली, तेव्हा या उतरत्या रेषेचा मोठा आधार होता. त्या अपघातात १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्गाचा आजार झाल्याचं नक्की झालं. त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांतच गेले.

ही चाचणी स्वस्त, झटपट आणि सगळीकडे होणारी. पण तिचं उत्तर मोघम असतं. विषाणूचा ताप, स्टेरॉइडची गोळी, मोठी इजा, यांनीही लिम्फोसाइट घटतात. शिवाय अर्ध्या ग्रेचा डोस तिला नीट दिसतच नाही. नेमका आकडा हवा असेल तर हिरव्या टोपणाची नळी उघडावी लागते.

हिरवं टोपण म्हणजे आत हेपॅरिन. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या नळीत जे रसायन असतं ते रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि मग त्या पेशी लॅबमध्ये नीट वाढत नाहीत. इथे तर पेशी जिवंत हव्यात. म्हणून ही नळी बर्फात ठेवायची नाही, उन्हात तापू द्यायची नाही. वीस अंशांच्या आसपास सांभाळून, शक्यतो दिवसभरात ती लॅबला पोहोचली पाहिजे. विमानाने जात असेल तर खोक्यावर ठळक लिहितात, ‘एक्स-रे करू नये’. सोबत एक छोटा बॅजही ठेवतात, म्हणजे वाटेत कुठे किरण लागले असतील तर कळावं. माणसाचा डोस शोधायला निघालेल्या रक्ताला तपासणीच्या यंत्रात नवा डोस मिळाला तर काय उपयोग?

या नळीत दहाएक मिलिलिटर रक्त असतं. एवढ्याशा रक्तावरून अख्ख्या देहाचा अंदाज कसा बांधायचा? याचं उत्तर लिम्फोसाइटच्या फिरतीत आहे. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी कुठल्याही क्षणी जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. बाकीच्या प्लीहेत, लसिका गाठींत, मज्जेत, आतड्याच्या भिंतीत पसरलेल्या असतात आणि त्यांची ये-जा चालूच असते. अपघाताच्या वेळी एखादी पोटात होती, एखादी मानेच्या गाठीत, एखादी पायाच्या बोटाशी. दिवसाभरात त्या पुन्हा एकमेकींत मिसळतात. हात भिजला की नाही हे हातालाच विचारावं लागतं. पण गावभर पाऊस किती पडला हे कळायला चारही वाड्यांवरून बाजारात आलेली माणसं भेटली तरी पुरतं. रक्त हा तसला बाजार आहे.

शिवाय यातल्या बऱ्याच पेशी दीर्घायुषी आणि झोपलेल्या असतात. त्या विभागत नाहीत, वर्षानुवर्षं तशाच राहतात. त्यामुळे त्यांच्या डीएनएवर उमटलेला घाव पुसला जात नाही, आहे तसा जपला जातो.

तो घाव दिसतो कसा? शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं गुणसूत्राचं चित्र आठवा. दोन भुजा आणि मध्ये निमुळता भाग, ज्याला प्राथमिक खाच किंवा गुणसूत्रबिंदू म्हणतात. आपण त्याला कंबर म्हणू. प्रत्येक गुणसूत्राला एकच कंबर असते. पेशी विभागताना दोरे येऊन नेमके तिथेच पकडतात आणि गुणसूत्राचे दोन अर्ध दोन बाजूंना ओढून नेतात.

आता किरण गेला आणि शेजारशेजारची दोन गुणसूत्रं तुटली. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते, ती लगेच कामाला लागते आणि बहुतेक वेळा तुटलेली टोकं बरोबर जुळवते. पण दोन गुणसूत्रांची चार टोकं एका ठिकाणी आली की कधीकधी चूक होते. कंबर असलेला एक तुकडा कंबर असलेल्या दुसऱ्या तुकड्याला चिकटतो आणि उरलेली बिनकमरेची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. म्हणजे एक गुणसूत्र दोन कमरांचं झालं आणि एक तुकडा बिनकमरेचा. शास्त्रज्ञ पहिल्याला डायसेंट्रिक म्हणतात.

सगळी चाचणी या एका विचित्र आकृतीवर उभी आहे, कारण ती आपोआप फारशी होत नाही. किरणोत्सर्गाशी संबंध न आलेल्या माणसाच्या हजार पेशी तपासल्या तर अशी एखादीच सापडते. काही मोजकी औषधं सोडली तर आयनीकारक किरणांशिवाय ती सहसा घडत नाही. तंबाखू, प्रदूषण, वय यांनी गुणसूत्रांना इतर प्रकारच्या जखमा होतात, पण ही खूण जवळजवळ किरणांचीच. रक्तातल्या गुणसूत्रांवरून डोस काढता येईल, हे १९६२ मध्ये अमेरिकेत मायकेल बेंडर आणि त्यांच्या सहकारी गूच यांनी मांडलं. साठ वर्षं उलटली, कितीतरी नव्या चाचण्या आल्या, तरी प्रमाण मानायची चाचणी अजून हीच आहे.

अडचण एवढीच की गुणसूत्रं एरवी दिसत नाहीत. झोपलेल्या पेशीत ती लोकरीच्या गुंत्यासारखी पसरलेली असतात. पेशी विभागायला निघते तेव्हाच ती आखडून, जाड होऊन, एकेक वेगळी दिसू लागतात. तेव्हा या झोपलेल्या पेशींना आधी जागं करायला हवं.

ते काम राजमा करतो. राजम्यात, म्हणजे आपल्या श्रावणघेवड्याच्याच जातीच्या दाण्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. नीट न शिजवलेला राजमा पोटाला बाधतो तो याच्यामुळेच. हे प्रथिन पूर्वी रक्तातल्या तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढण्यासाठी वापरत. ते घातलं की झोपलेल्या लिम्फोसाइट जाग्या होऊन विभागायला लागतात, हे पीटर नोवेल यांच्या १९६० मध्ये लक्षात आलं. त्याच वर्षी मूरहेड आणि सहकाऱ्यांनी रक्तातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं पाहायची पद्धत प्रसिद्ध केली. आज डोस काढणाऱ्या जगातल्या कुठल्याही गुणसूत्र-लॅबमध्ये रक्ताचे काही थेंब, पोषक द्रव आणि हे राजम्याचं प्रथिन एका बाटलीत घालून ३७ अंशांवर, माणसाच्या अंगाच्या उबेत, ४८ तास ठेवतात.

अठ्ठेचाळीसच का? तेवढ्या वेळात पेशी पहिल्यांदा विभागायच्या बेतात येते. दुसऱ्या विभागणीची वाट पाहिली तर हिशेब चुकतो. दोन कमरांच्या गुणसूत्राला दोन्हीकडून दोरे ओढतात, बिचारं कधी मधेच तुटतं, कधी मागे राहतं, आणि प्रत्येक विभागणीत निम्म्याच्या आसपास डायसेंट्रिक नाहीसे होतात. म्हणून द्रवात असं एक रसायन घालतात की दुसऱ्या फेरीतल्या पेशी रंगवल्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या दिसतात, आणि तशा पेशी मोजणीतून वगळतात.

विभागणी अगदी ऐन क्षणी, गुणसूत्रं सर्वांत ठळक असताना, थांबवायचीही असते. त्यासाठी कोलसेमिड. हे कोलचिसिनचं भावंड, आणि कोलचिसिन आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं. पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी, जिच्या कंदाला हात लावू नको असं म्हातारी माणसं बजावतात तीच ही वेल. गुणसूत्रांना ओढणारे दोरे बनूच द्यायचे नाहीत, हा या विषाचा गुण. दोरे नाहीत म्हणजे ओढाताण नाही. पेशी सगळी तयारी करून जागच्या जागी खोळंबते. स्वयंपाकघरातला दाणा पेशीला उठवतो आणि विषारी वेलीचं रसायन तिला उंबरठ्यावर अडवतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटवलं नव्हतं.

यानंतर पेशी पातळ क्षाराच्या पाण्यात सोडतात. त्या फुगतात, आतली गुणसूत्रं सैल होतात. मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणाने, तीनास एक, त्या पक्क्या करतात. मग थंड, ओलसर काचपट्टीवर ड्रॉपरने थोड्या उंचीवरून थेंब टाकतात. थेंब काचेवर पसरतो, पेशी सपाट होते आणि तिची ४६ गुणसूत्रं सारवलेल्या अंगणात सांडलेल्या शेंगांसारखी विखुरतात. वर गिम्झा रंग चढवला की ती जांभळी दिसू लागतात.

इथून पुढे डोळ्यांचं काम. सूक्ष्मदर्शकाचं भिंग काचेवरच्या तेलाच्या थेंबात टेकवून, हजारपट मोठं करून, एकेक पेशी पाहायची. आधी मोजायचं, ४६ कमरा भरतात का? कमी भरल्या तर पेशी फुटून काही गुणसूत्रं निसटली असतील, ती सोडून द्यायची. मग शोधायचं, कुणाला दोन कमरा आहेत का? सापडलं तर त्याच पेशीत एक बिनकमरेचा तुकडाही असला पाहिजे, कारण दोन्ही एकाच अपघाताची अपत्यं. तो दिसला की खात्री पटते. पण एकावर एक पडलेली दोन गुणसूत्रंही दोन कमरांची वाटू शकतात. पीळ पडलेलं गुणसूत्रही तसंच भासतं. म्हणून शंका असेल तिथे दुसऱ्या माणसाला बोलावून दाखवायचं. आणि हे एका पेशीसाठी नाही, पाचशे किंवा हजार पेशींसाठी. एका माणसाच्या रक्ताला दोन-तीन दिवस सहज जातात. आता पेशी शोधून देणारी, फोटो काढणारी, डायसेंट्रिक सुचवणारी यंत्रं आली आहेत, पण शेवटचा शब्द अजून सरावलेल्या डोळ्यांचाच आहे.

समजा पाचशे पेशींत १०० डायसेंट्रिक सापडले. याचे ग्रे कसे करायचे?

इथे लॅबची पूर्वतयारी कामी येते. निरोगी माणसांच्या रक्ताच्या नळ्या घेऊन लॅबने त्यांना आधीच ठरावीक डोस दिलेले असतात, पाव ग्रे, अर्धा, एक, दोन, तीन, चार, आणि प्रत्येकात किती डायसेंट्रिक झाले ते मोजून आलेख काढलेला असतो. नळीतलं रक्त आणि अंगातलं रक्त किरणांना सारखाच प्रतिसाद देतं, हे अनेकदा ताडून पाहिलेलं आहे. सगळ्या पद्धतीचा पाया हाच. हा आलेख सरळ रेषेत जात नाही, वर वळत जातो. डायसेंट्रिक व्हायला दोन तुटी लागतात. एकाच किरणाच्या वाटेत दोन्ही गुणसूत्रं आली तर डायसेंट्रिक डोसच्या पटीत वाढतात. दोन वेगळ्या किरणांनी एकेक तोडलं तर डोसच्या वर्गाच्या पटीत. कोबाल्टच्या गॅमा किरणांसाठी लॅबांचे आलेख साधारण असे असतात, की पेशीमागे डायसेंट्रिकची संख्या म्हणजे डोसला ०.०३ ने गुणून, त्यात डोसच्या वर्गाला ०.०६ ने गुणून मिळवायचं, आणि वर हजारी एकची नैसर्गिक भर. एक ग्रेला हे सुमारे ०.०९ होतं, म्हणजे पाचशे पेशींत ४५. दोन ग्रेला सुमारे १५०. चार ग्रेला ५४०, म्हणजे पेशीमागे एकाहून जास्त. आपले शंभर या आलेखावर ठेवले तर डोस येतो साधारण १.६ ग्रे. मोजणीतल्या नशिबाचा भाग धरला तर १.४ ते १.८. प्रत्येक लॅबचे गुणक थोडे वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याचा आलेख उसना घेऊन चालत नाही.

याच शंभर डायसेंट्रिकमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि मला ती या चाचणीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अंगणात पाचशे फरश्या आहेत आणि पावसाचे शंभर थेंब सगळीकडे सारखे पडले, तर सुमारे ४१० फरश्या कोरड्या राहतील, ८० वर एकेक थेंब असेल, सातआठांवर दोन-दोन. किरण सगळ्या अंगावर सारखे आले असतील तर डायसेंट्रिकची वाटणी अशीच येते. पण समजा ४६० पेशी स्वच्छ आणि उरलेल्या चाळीस पेशींतच शंभरच्या शंभर डायसेंट्रिक, एकेकीत दोन, तीन, चार. मग पाऊस अंगणभर पडलेला नाही, कोपऱ्यात पन्हाळीची धार पडली आहे. शरीराच्या छोट्या भागाला फार मोठा डोस मिळाला आणि बाकीचं वाचलं. सरासरी तीच, पण माणसाची अवस्था अगदी वेगळी. त्याची मज्जा कुठेतरी शाबूत असेल आणि तिथून ती पुन्हा भरून येईल. मात्र त्या भागातली कातडी आणि स्नायू जपावे लागतील.

अपघातात किरण बहुतेक वेळा असेच, एका बाजूने येतात. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात नेमकं हेच झालं. दिल्ली विद्यापीठात अनेक वर्षं पडून असलेलं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं होतं. ते फोडताना आतलं कोबाल्ट-६० उघडं पडलं. एकाने त्याचा तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला होता. बरेच जण इस्पितळात दाखल झाले आणि त्यातला एक जण दगावला. गोइयानियानंतर तेवीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, पुन्हा भंगाराचंच दुकान आणि पुन्हा बॅज नसलेलीच माणसं.

किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, आणि गुणसूत्रांवरून डोस काढण्याचं काम जवळच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक वर्षं चालू आहे. तिथे येणारं रक्त दरवेळी अपघाताचंच असतं असं नाही. एखाद्या कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या रेडिओग्राफरच्या बॅजवर अचानक मोठा आकडा येतो. तो माणूस खरंच किरणांत सापडला, की बॅज रात्रभर यंत्राजवळ राहिला? बॅज याचं उत्तर देऊ शकत नाही, रक्त देऊ शकतं.

हजार माणसं एकदम आली तर काय? पाचशे पेशींची ऐट तिथे परवडत नाही. तेव्हा प्रत्येकाच्या फक्त पन्नास पेशी पाहतात, किंवा तीस डायसेंट्रिक सापडले की थांबतात. आकडा ढोबळ येतो, पण कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं एवढं नक्की सांगतो. एका लॅबला झेपेनासं झालं की काचपट्ट्यांचे फोटो इतर देशांतल्या लॅबना पाठवून काम वाटून घेतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं जाळंही आहे.

डोस पाच-सहा ग्रेच्या पुढे गेला की वेगळीच पंचाईत होते. विभागणीपर्यंत पोहोचतील अशा पेशीच उरत नाहीत. ३० सप्टेंबर १९९९ रोजी जपानच्या तोकाइमुरात युरेनियमचं द्रावण टाकीत ओतताना साखळी अभिक्रिया सुरू झाली आणि तीन कामगार सापडले. तिथे पेशी विभागायची वाट न पाहता रसायनाने गुणसूत्रं अकाली आखडायला लावून मोजली. त्यांच्या रक्तात आणखी एक साक्षीदार होता. न्यूट्रॉनच्या माऱ्याने रक्तातलं साधं सोडियम किरणोत्सर्गी सोडियम-२४ झालं होतं आणि ते किती, यावरून न्यूट्रॉनचा डोस काढता आला. जे मीठ आपण रोज ताटात घेतो, त्यातलंच सोडियम.

गोइयानियात शंभराहून अधिक लोकांच्या रक्ताची अशी तपासणी झाली. एकवीस जणांचा डोस एक ग्रेच्या वर निघाला, त्यातल्या आठांचा चारच्या वर. चार जण गेले. ती सहा वर्षांची मुलगी, वस्तू पिशवीत घालून नेणारी ती बाई आणि भंगारवाल्याकडे काम करणारे दोन तरुण. त्या चौघांपेक्षाही जास्त, सात ग्रेच्या आसपास डोस स्वतः भंगारवाल्याचा होता, आणि तो वाचला. तो घरातून जास्त ये-जा करायचा, त्यामुळे त्याला डोस थोडाथोडा, तुकड्यातुकड्यांनी मिळाला आणि पेशींना मधल्या वेळात दुरुस्तीला सवड मिळाली, असा त्याचा अर्थ लावला गेला. डोस हा नुसता आकडा नसतो, त्याला वेळही असते.

ज्यांच्या रक्तात काहीच निघालं नाही, त्यांनाही या चाचणीने काही दिलं. त्या शहरातल्या माणसांना बाहेरगावी हॉटेलांत खोल्या मिळेनाशा झाल्या होत्या, त्यांचा माल कुणी घेत नव्हतं. अशा वेळी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे पेशी मोजून सांगता येणं लहान गोष्ट नव्हे. अर्थात, दशांश ग्रेच्या खाली ही चाचणी शून्य आणि थोडं यांतला फरक करू शकत नाही, आणि पुढे कुणाला कर्करोग होईल हेही ती सांगत नाही.

सापडलेल्यांचं रक्त पुढे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. डायसेंट्रिक काळाबरोबर घटत जातात, साधारण तीन वर्षांत निम्मे, असं तोवर मानत. गोइयानियात मोठा डोस मिळालेल्यांच्या रक्तातून ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात त्याहून कितीतरी वेगाने नाहीसे होताना दिसले. म्हणून अपघाताला बरेच दिवस उलटल्यावर एखादी हिरव्या टोपणाची नळी लॅबमध्ये येते, तेव्हा मोजणी करणारा आधी विचारतो, घटना कधीची? महिने झाले असतील तर तो डायसेंट्रिकवर एकट्याने विसंबत नाही. गुणसूत्रं वेगवेगळ्या रंगांत चमकवून, तुटून अदलाबदल झालेले पण एकाच कमरेचे राहिलेले तुकडे शोधतो, कारण ते विभागणीत टिकून राहतात. किती मागे जायचं, हे त्या भंगारवाल्याच्या शेजाऱ्यांनी दरवेळी पुढे केलेल्या दंडांमुळे कळलं.